न उघडणारी सीडी

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला मी अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी आमची गळाभेट होईल या आशेवर कुणी वाचत बसायला नको. घरात सगळे त्याला भाईजान म्हणतात, मीही तेच म्हणत आलो. तोंडावर नेहमी ‘तुम्ही’ म्हणालो. मनात काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही.

माझे अब्बा पेंटर होते. चित्रं काढणारे नव्हेत, पाट्या रंगवणारे. कापड बाजारातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या, साखर कारखान्यांचे टँकर, शाळांचे फलक, ट्रकच्या कपाळावरची देवांची नावं, सगळं त्यांच्या हातचं. शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत. मराठी अक्षर त्यांनी दुसऱ्यांच्या पाट्या बघून बघून उचललं आणि मग असं काही वळवलं की ते फक्त त्यांचंच राहिलं. त्यांच्या ‘ळ’चे दोन डोळे सारखे नसत, डावा जरा मोठा असे. ‘श’ची गाठ ते घट्ट मारत. डोक्यावरची रेघ शेवटाला किंचित जाड होई, कारण तिथे ते ब्रश उचलण्याआधी क्षणभर थांबत. नगरच्या रस्त्यावरून सायकल मारताना मी पाटी वाचत नसे, अब्बांचा हात ओळखत असे.

भाईजानचं सर्जेपुऱ्यात डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, दहाव्याचे निरोप, गाड्यांवर लावायची रेडियमची अक्षरं, असली कामं. लग्नानंतर वर्षभरात मी त्या दुकानात ऑपरेटर म्हणून बसू लागलो. पुढे भाईजान लोकांना सांगू लागला, ‘हा आपला पार्टनर.’ कागदावर काही नव्हतं. घरातल्या माणसाशी कागद कोण करतं?

त्या काळी मराठीचे फॉन्ट मोजकेच होते. जिल्ह्यातली कुठलीही पत्रिका घ्या, नवरा-नवरीची नावं बदलायची, चेहरा तोच. एकदा मी अब्बांना म्हणालो, “तुमचं अक्षर कॉम्प्युटरमध्ये घालू या.” ते हसले. “अक्षर काय घालायची वस्तू आहे?” पण दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन ग्राफपेपरची वही घेऊन आले.

पुढची दोन वर्षं आम्ही बापलेक त्यावर होतो. ते एकेका पानावर एकेक अक्षर काढत, मी ते स्कॅन करून पडद्यावर त्याच्या कडेकडेने ठिपके लावत नेई. अब्बा मागे स्टुलावर बसून बघत.

“ही रेघ मेलेली आहे,” ते म्हणत.

“अब्बा, रेघ सरळच आहे.”

“सरळ आहे म्हणूनच मेली. हात कधी सरळ जातो का? जरा श्वास टाक तिच्यात.”

मग मी मधला एक ठिपका केसभर खाली ओढायचो आणि ते ‘हां’ म्हणायचे. बाराखडी झाली, अर्धी अक्षरं झाली, जोडाक्षरांतली सात उरली होती. त्या वर्षी रमजानच्या आधी आठ दिवस अब्बा गेले. छातीत रंगाचा वास साठून साठून गेले, असं माझी अम्मी म्हणायची.

मी महिनाभर दुकानात गेलो नाही. परत गेलो तेव्हा फॉन्ट कामाला लागला होता. अपुरा होता तरी भाईजानने तो पत्रिकांना वापरायला सुरुवात केली होती आणि लोक खूश होते. वाईट वाटलं नाही, उलट ऊर भरून आला. मग एके दिवशी राहुरीकडचे एक बागाईतदार मुलीच्या लग्नाची पत्रिका घ्यायला आले. पत्रिका हातात धरून म्हणाले, “अक्षर लई देखणं हाय. कुनाचं हो?”

मी तोंड उघडायच्या आत भाईजान म्हणाला, “आपल्या दुकानाचंच. मीच बनवलंय.”

माणूस गेल्यावर मी म्हणालो, “भाईजान, अब्बांचं नाव सांगायचं होतं.”

“कशाला?”

“अक्षर त्यांचं आहे.”

“दुकान माझं, कॉम्प्युटर माझा, स्कॅनर माझा. त्यांनी कागद रंगवले आणि माझ्या दुकानात बसून चहा प्यायले. आणखी काय?”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. त्यात माझा एकही शब्द नाही. मी खुर्चीवरून उठलो, चपला घातल्या आणि म्हणालो, “अब्बांची ग्राफची वही द्या, मी जातो.”

“ती रद्दीत गेली. दुकानाला रंग दिला ना परवा.”

त्याने हे इतक्या सहज सांगितलं की मला आधी कळलंच नाही. चौकातून वळून चितळे रोडला लागल्यावर कळलं. मी तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. वही गेली. माझ्याकडे त्या कामाची एक जुनी फ्लॉपी होती, तिला बुरशी लागलेली. म्हणजे अब्बांच्या हाताची जी काही अक्षरं पाट्यांवर ऊन खात उरली होती ती सोडली, तर बाकी सगळं त्या माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये होतं.

बायकोला सांगितलं. ती त्याची सख्खी बहीण. मला वाटलं, म्हणेल जाऊ द्या, घरातलंच आहे. तिने ओढणी डोक्यावर घेतली आणि थेट झेंडीगेटला आपल्या आईकडे गेली.

माझी सासू मोठ्या आवाजात कधी बोलायची नाही. तिने आम्हा दोघांना बोलावून समोर बसवलं. भाईजानला म्हणाली, “मेलेल्या माणसाचा हात आहे तो. देऊन टाक.” भाईजानने आईच्या डोक्यावर हात ठेवला. “देतो. सगळंच्या सगळं देतो.” आणि पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर, आईसमोर, त्याने माझ्या हातात एक सीडी ठेवली. वर निळ्या पेनाने ‘सगळं’ असं लिहिलं होतं.

मी एक जुना कॉम्प्युटर पुण्याहून आणून घरात पलंगाशेजारी मांडला होता. सीडी घातली. आत एकच फाईल. नाव तीन अक्षरी, आणि आकार तीनशे एमबीच्या वर. डबल क्लिक केलं तर एक खिडकी उघडली आणि तिनं मलाच विचारलं, ही फाईल कशात उघडू? खाली प्रोग्रामांची यादी. मी एकेक निवडत गेलो. पत्रिका जुळवायचा प्रोग्राम म्हणाला, ओळखत नाही. चित्रांचा म्हणाला, ओळखत नाही. फॉन्ट बनवायचा तर काही न बोलता बंदच पडला. मी फाईलच्या नावाचं शेपूट बदलून बघितलं, फॉन्टचं लावलं, चित्राचं लावलं. बैलाला घोड्याचं खोगीर घातलं म्हणून तो घोडा होत नाही.

भाईजानला फोन केला.

“उघडत नाहीये.”

“तुला येत नसेल.”

“यात आहे तरी काय?”

“लिहिलंय ना वर? सगळं.” आणि मग हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत तो म्हणाला, “अम्मीसमोर दिलंय. आता माझ्याकडे काही मागायचं नाही.”

त्याच्या आवाजात हसू होतं. ते हसू मी पुढे कित्येक महिने कानात घेऊन फिरलो. शपथ पाळायची पण द्यायचं नाही, इतका विचार त्याने केला होता, आणि तोही माझ्यासाठी, ज्याने त्याच्या दुकानात दहा-दहा तास मान मोडली. रागाने माणूस वेडावाकडा होतो असं म्हणतात. मी मात्र शिस्तीत आलो. सकाळी एका छापखान्यात काम, दुपारी घरी येऊन जेवण, आणि जेवणानंतर ती फाईल. रोज.

एका कॉम्प्युटर क्लासवाल्याला सीडी दाखवली. त्याने दोन मिनिटं बघितली. “करप्ट आहे. टाकून द्या.”

टाकून देणार होतोच, पण त्याआधी एक मूर्खपणा केला. ती आख्खी फाईल मजकूर वाचायच्या साध्या प्रोग्राममध्ये उघडली. कॉम्प्युटर इतका वेळ गप्प बसला की बायकोने भाजी चिरून फोडणीला टाकली, तरी पडदा हलेना. मग कचरा आला. चौकोन, आडव्या रेघा, उलटी प्रश्नचिन्हं, पानंच्या पानं. मी खाली सरकवत गेलो. एका जागी त्या कचऱ्यात ‘CD001’ अशी पाच अक्षरं दिसली. काही कळलं नाही. आणखी खाली गेलो आणि हात थांबला.

ABBA01.TIF

त्याखाली ABBA02, ABBA03. अब्बांची पानं स्कॅन करताना मीच दिलेली नावं होती ती. वही रद्दीत गेली असेल, पण तिच्या पानांची चित्रं या फाईलच्या पोटात होती. बंद दाराआडून ओळखीचा खोकला ऐकू यावा तसं झालं. मी बायकोला हाक मारली. ती चुलीवरचं सोडून आली, पडद्यावर बोट ठेवून तिने ती नावं वाचली आणि म्हणाली, “म्हणजे आहेत. मग उघडेपर्यंत सोडायचं नाही.”

छापखान्यात एकाने सांगितलं, भिंगारला एक रिटायर्ड सुभेदार आहेत, सैन्यात वायरलेस मेकॅनिक होते, आता घरी कॉम्प्युटर खोलून बसतात. रविवारी गेलो. सुभेदारसाहेब सकाळची बुद्धवंदना आटोपून पांढऱ्या सदऱ्यातच बसले होते. समोर टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर, त्याला वरचा पत्राच नव्हता, आतलं सगळं उघडं. मी सीडी दिली आणि सगळी हकीकत सांगितली. CD001 म्हणताच त्यांनी मान वर केली.

“क्लासवाल्यानं करप्ट म्हनून सांगितलं?”

“हो.”

“त्याला म्हनावं शेती कर. ही फाईल न्हाईच. ही आख्खी सीडी हाय. सीडीचा ठसा काढून फाईल केलीय आन ती फाईल पुन्हा दुसऱ्या सीडीवर टाकलीय. पेटीत पेटी. तुमी बाहेरची पेटी उघडली, आतलीला तर हातच न्हाई लावला.”

“मुद्दाम केलं असेल?”

“चुकून असं व्हत न्हाई.”

हे वाक्य ऐकायलाच मी भिंगारपर्यंत गेलो होतो असं मला वाटलं. आत्तापर्यंत माझा राग संशयाचा होता. आता त्याला पुरावा मिळाला.

कॉम्प्युटरच्या इंग्रजी मासिकांबरोबर तेव्हा सीड्या फुकट येत. सुभेदारसाहेबांनी अशा सीड्यांची चळत काढली, त्यातून असले ठसे उघडणारा एक छोटा प्रोग्राम शोधून माझ्या फ्लॉपीवर दिला. मी घरी येऊन तो चढवला, फाईल दाखवली. प्रोग्राम म्हणाला, हा ठसा वैध नाही. त्या दिवशी मी सीडी फेकलीच असती, बायकोने हातातून काढून घेतली.

पुढच्या रविवारी परत भिंगार. सुभेदारसाहेबांनी विचारलं, “साईज किती हाय? एमबी नगं. पूर्ण आकडा सांगा, बाईटमधला.” तो मी लिहून आणला नव्हता. पुन्हा घरी, फाईलवर उजवं क्लिक करून आकडा कागदावर उतरवला, पुन्हा सायकलवर भिंगार. त्यांनी पेन्सिल घेतली आणि शाळेतल्यासारखा भागाकार मांडला.

“सीडीवर माल कप्प्याकप्प्यांत असतो. साधा ठसा घेतला तर एक कप्पा दोन हजार अठ्ठेचाळीसचा. भागा.”

मी भागलं. बाकी उरली.

“आता दोन हजार तीनशे बावन्ननं भागा.”

पुन्हा मांडलं. आकडे लांबत गेले, मी दोनदा चुकलो, त्यांनी खोडरबर पुढे केलं. शेवटी खाली शून्य आलं. नुसतं शून्य.

सुभेदारसाहेबांनी मांडीवर थाप मारली. “कच्चा ठसा हाय! परत्येक कप्प्यामागं तीनशे चार बाईट जादा, सीडीचं सवताचं सामान. तुमचा प्रोग्राम त्यालाच आडखळतोय. ते सोलून काडलं की झालं.”

“आणि हे माहीत होण्यासाठी त्याने काही द्यायला हवं होतं का?”

“याच्या संगं एक चिमुकली फाईल निघती. दोन-तीन ओळींची. तिच्यात हेच लिवलेलं असतं, कप्पा केवढा, सुरुवात कुठनं. ती त्यानं दिली न्हाई.”

तीनशे एमबी दिले आणि तीन ओळी ठेवून घेतल्या. मी तो भागाकाराचा कागद घडी करून खिशात ठेवला. सुभेदारसाहेबांनी कप्पे सोलणारा दुसरा प्रोग्राम दिला. तो काळ्या पडद्यावर चालायचा, माऊस नाही, आज्ञा टाईप करायची.

तरी झालं नाहीच. फाईल आधी हार्डडिस्कवर उतरवायची तर पाऊण भाग उतरल्यावर सीडी घरघरायची आणि वाचता येत नाही असा निरोप यायचा. सीडीवर बोटांचे ठसे होते, कुणाचे ते सांगायला नको. बायकोने तिच्या मऊ ओढणीचं टोक कोमट पाण्यात बुडवलं आणि मधून कडेकडे, मधून कडेकडे अशी ती पुसली. सुभेदारसाहेबांनी सांगितलं होतं, गोल पुसायची नाही. फाईल उतरली. मग सोलताना निरोप आला, डिस्क भरली. माझी हार्डडिस्क ती केवढी! मी सगळे खेळ काढले, पत्ते काढले, छापखान्याची जुनी कामं फ्लॉप्यांवर हलवली. पुन्हा आज्ञा दिली. लाईट गेली. लाईट आल्यावर पुन्हा आज्ञा दिली.

एका गुरुवारी दुपारी पडद्यावर पिवळ्या फोल्डरांची रांग उघडली.

मी पहिलं पान उघडलं. ‘अ’. ग्राफच्या हिरव्या चौकटींवर शाईने काढलेला अब्बांचा ‘अ’, आणि शेजारी समासात पेन्सिलने बारीक उर्दूत लिहिलेलं: पोट कमी कर. प्रत्येक पानावर असं काही ना काही होतं. ‘ह’च्या पानावर: हा थकलेला दिसतो, उभा कर. ‘ण’च्या पानावर चहाचा गोल डाग. स्कॅन करताना हे सगळं मी पाहिलं असणार, पण तेव्हा वाचलं नव्हतं. तेव्हा अब्बा मागे बसलेले असत, वाचायची गरजच नव्हती. बायको शेजारी उभी राहून रडत होती. मी रडलो नाही. मी फॉन्टचं फोल्डर उघडलं आणि त्यात फॉन्टचं नाव बघितलं. भाईजानने त्याला स्वतःचं नाव दिलं होतं.

सात जोडाक्षरं राहिली होती. अब्बांच्या बाकीच्या अक्षरांवरून मी ती महिन्याभरात जुळवली. ‘ज्ञ’ला चार दिवस गेले. फॉन्टला अब्बांचं नाव दिलं. त्यांचं नाव इंग्रजीत ‘A’ने, म्हणजे पहिल्याच अक्षराने सुरू होतं, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर फॉन्टच्या यादीत ते सगळ्यांच्या वर येणार होतं. मग बायकोने विचारलं, “आता काय करणार? दुकान टाकणार?”

“नाही. वाटणार.”

तिला लगेच कळलं. भाईजानचा सगळा तोरा एकाच गोष्टीवर होता, हे अक्षर दुसरीकडे मिळत नाही. शेवटी माहेर तिचं होतं. तरी म्हणाली, “फ्लॉप्या किती लागतील?”

फॉन्ट एका फ्लॉपीत आरामात मावायचा. ती घरी बसून फ्लॉप्या भरायची, मी सुट्टीच्या दिवशी एसटीने निघायचो. सावेडीतल्या नव्या दुकानांपासून सुरुवात केली, मग राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, शेवगाव, पाथर्डी. जिथे डीटीपीची पाटी दिसेल तिथे शिरायचो. राहुरीला बसस्टँडजवळ एक बाई दुकान चालवायच्या. फ्लॉपी पुढे केली तर त्यांनी हात मागे घेतला.

“किती द्यायचे?”

“काही नाही.”

“फुकट? म्हणजे व्हायरस असणार.”

“तुमच्याकडे तपासायचा प्रोग्राम असेल तर तपासा. मी बसतो.”

त्यांनी तपासलं, फॉन्ट चढवला, आपल्या दुकानाचं नाव टाईप केलं आणि मोठं करून बघितलं. त्यात ‘ळ’ होता. बराच वेळ बघत राहिल्या.

“कुणाचं अक्षर म्हणायचं हे?”

मी अब्बांचं पूर्ण नाव सांगितलं. सर्जेपुऱ्यात जे सांगायचं राहून गेलं होतं ते राहुरीत सांगितलं. त्या बाईंनी विचारलं, “आणि तुम्हाला काय मिळणार यातून?” मी म्हणालो, “एकच करा. आणखी दोघांना द्या.” खरं उत्तर वेगळं होतं. मला भाईजानचं तोंड बघायचं होतं.

लग्नसराई आली तेव्हा अब्बांचं अक्षर जिल्हाभर झालं होतं. पत्रिकांवर, बॅनरवर, जीपच्या काचांवर. आणि माझ्या फॉन्टमध्ये सगळी जोडाक्षरं होती, भाईजानच्या फॉन्टमध्ये नव्हती. त्याच्याकडच्या ‘ज्ञानेश्वर’चा ‘ज्ञ’ दुसऱ्याच फॉन्टमधून उसना आणलेला असायचा, फाटक्या सदऱ्याला ठिगळ लावावं तसा. लोक तेही ओळखू लागले.

एका रविवारी भरदुपारी तो आमच्या घरी आला. बसला नाही.

“तू काय केलंस तुला कळतंय का?”

“कळतंय.”

“पुण्याची पार्टी तो फॉन्ट विकत घेणार होती. बोलणी झाली होती. आता म्हणतात, जो गल्लोगल्ली फुकट मिळतो तो आम्ही कशाला घेऊ?”

हे मला माहीत नव्हतं. पण ऐकून अंगात ऊब पसरली. ती ऊब कसली होती ते मी लपवणार नाही.

“तूच विकला असतास तरी चाललं असतं,” तो म्हणाला. “मला तोडून विकला असतास, तेही समजलो असतो. हे काय? स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन?”

“नाक गेलं तर गेलं, भाईजान. अपशकुन झाला ना?”

तो बहिणीकडे वळला. “तुला चालतंय हे?”

ती दारात उभी होती. म्हणाली, “अम्मीच्या डोक्यावर हात ठेवला होता तुम्ही.” बस, इतकंच. तो गेला. जाताना त्याचा चेहरा मी नीट बघून घेतला. ज्यासाठी इतक्या एसट्या केल्या ते फुकट का घालवायचं?

पुढे ईदला ती माहेरी गेली तेव्हा दुकानात डोकावली. गिऱ्हाईक बाहेरून फ्लॉप्यांवर मजकूर टाईप करून आणायचे, तो अब्बांच्या नावाच्या फॉन्टमध्ये असायचा, म्हणून भाईजानला तो आपल्या कॉम्प्युटरवर चढवावा लागला होता. तिने घरी येऊन सांगितलं, “यादी उघडली की सगळ्यात वर अब्बांचं नाव.” रोज, प्रत्येक पत्रिकेला, त्याला त्या नावावरून खाली उतरावं लागत होतं. त्या दिवशी मी शीरखुर्म्याचे चार वाडगे प्यायलो.

फुकट काही मिळत नाही. भावजयीने माझ्या बायकोशी बोलणं टाकलं. भाचीच्या बिस्मिल्लाला, म्हणजे तिच्या पहिल्या धड्याच्या समारंभाला, सगळ्यांना बोलावणं गेलं, आम्हाला नाही. बायको त्या दिवशी गव्हाचं पीठ उगाचच दोनदा चाळत बसली होती. तेवढं एक मला खुपतं, बाकी काही नाही. पैसा गेला ते खुपत नाही. लोक अब्बांचं अक्षर कुठेही लावतात, ‘येथे लघवी करू नये’लाही लावतात, तेही खुपत नाही. अब्बांनी स्वतः असल्या भिंती पुष्कळ रंगवल्या होत्या.

दोन वर्षांनी सासू आजारी पडली. मी भेटायला गेलो तर पलंगाच्या दुसऱ्या बाजूला भाईजान बसलेला. कुणीच उठलं नाही. सासूने दोघांकडे बघितलं आणि मला विचारलं, “मन शांत झालं का तुझं?”

खोटं बोलता आलं असतं. तिला बरं वाटलं असतं.

“नाही, अम्मी,” मी म्हणालो.

तिने मान दुसरीकडे वळवली. भाईजान खाली बघत म्हणाला, “माझंही नाही.”

त्या घरात तो माझ्या बाजूने बोललेला पहिलाच शब्द असावा. उशाशी मोसंबी ठेवली होती, सासूने एक त्याच्या हातात दिलं, एक माझ्या. आम्ही दोघे समोरासमोर बसून, एकमेकांकडे न बघता, सोलू लागलो.